जंगलातल्या रस्त्याला 'दिल्लीची परवानगी' लागतेच का?

गडचिरोलीत वर्षानुवर्षं ऐकू येतं: 'वनजमिनीतून रस्ता न्यायचा तर दिल्लीची, म्हणजे केंद्र सरकारची, परवानगी लागतेच.' हे खरं नाही, आणि त्यापायी कितीतरी गावं अर्जच करत नाहीत.

वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(2) मध्ये गावासाठीच्या 13 सुविधा दिल्या आहेत. शाळा, अंगणवाडी, दवाखाना आणि रस्ताही. अट अशी की प्रत्येक कामाला 1 हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागावी, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. निर्णय उपवनसंरक्षकांच्या (वन विभागाच्या विभागीय अधिकाऱ्यांच्या) पातळीवर होतो.

मोजणी आधी करा. 800 मीटर लांब, 5 मीटर रुंद म्हणजे 4,000 चौरस मीटर, 0.4 हेक्टर. इथे बहुतेक जण चुकतात: मर्यादा हेक्टरी आहे, म्हणून 0.4 हेक्टरला 75 झाडं नव्हे, 30 च. आखणी मोहाच्या झाडांना वळसा घालून करता आली तर फारच उत्तम. दुसरी चूक ठरावाची. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा चालत नाही, ग्रामसभेचाच हवा.

यादीत पुलाचं वेगळं नाव नाही. नदीवरच्या मोठ्या पुलाला 1980 च्या वन अधिनियमाखालीच प्रस्ताव जातो; अभयारण्यात वन्यजीव कायद्याची परवानगी वेगळी.