टाकी उपसायचे पैसे कुणी द्यायचे?

आमच्या गावाकडच्या घरी शौचालयाची टाकी नेमकी कुठे आहे, यावर बरीच वर्षं घरात दोन मतं होती. मागच्या अंगणात शहाबादी फरशी घातली तेव्हा झाकण फरशीखाली गेलं आणि नंतर पंधरा वर्षं कुणाला त्याची आठवण झाली नाही. बादलीभर पाणी ओतलं की सगळं जात होतं, मग आठवण कशाला होईल? गेल्या पावसाळ्यात भांड्यातच पाणी तुंबलं. तेव्हा गवंड्याला बोलावलं आणि तो फरशी ठोकत, पोकळ आवाज कुठे येतो ते शोधत फिरला.

हे घरोघरी असंच चालतं. स्वच्छतेवरचा पैसा कुठे अडतो, ते समजून घ्यायचं तर या फरशीखालीच बघायला हवं.

सेप्टिक टँक, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘सेफ्टी टाकी’, ही नुसती साठवणीची टाकी नाही. मैला आत आला की जड भाग तळाशी बसतो, तेलकट, हलका भाग सायीसारखा वर धरतो आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी पलीकडच्या पाइपातून बाहेर पडतं. तळाच्या गाळावर हवेशिवाय जगणारे जीवाणू काम करत असतात. ते बराच गाळ पचवतात आणि त्यातून मिथेनसारखे वायू निघतात. पण सगळाच काही पचत नाही. उरलेल्या गाळाचा थर वर्षागणिक चढत जातो. पाणी आत दिवस-दोन दिवस थांबतं म्हणून टाकीचं काम चालतं. गाळाने निम्मी जागा खाल्ली की तेच पाणी निम्म्या वेळात बाहेर पडतं, जड भागाला बसायला सवड मिळत नाही आणि मैला सरळ गटारात जातो. जंतांची अंडी, हगवणीचे जीवाणू, काविळीचे विषाणू, सगळं त्याच्याबरोबर. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी, असं आपल्याकडचे मार्गदर्शक नियम सांगतात.

घरात मात्र यातलं काहीच दिसत नाही. टाकीने काम करणं सोडलं तरी पाणी ओतल्यावर भांडं साफ होतंच. त्रास होतो तो खालच्या आळीला, विहिरीला, नदीला. उपशाचा खर्च घरमालकाने करायचा आणि फायदा गावाला व्हायचा, अशी ही रचना आहे. मग माणूस सक्शनच्या गाडीला फोन करतो तो अगदी गळ्याशी आल्यावरच. त्याला बेजबाबदार म्हणून भागणार नाही. त्याला दिसणाऱ्या हिशेबात तो बरोबरच असतो.

2022 साली जगातल्या सुमारे साडेतीनशे कोटी लोकांना सुरक्षित स्वच्छतेची सोय नव्हती, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ सांगतात. यातल्या निम्म्याहून अधिक लोकांकडे शौचालय होतं, पण मैल्याचं पुढे काय करायचं याची सोय नव्हती. बांधकामाला अनुदान मिळतं, कर्ज मिळतं, देणगीही मिळते. उपसा दर दोन-तीन वर्षांनी करावा लागतो आणि तो पैसा दर वेळी कुठून तरी यावा लागतो.

सातारा जिल्ह्यातल्या वाईने यावर एक वाट काढली. कृष्णाकाठचं हे 36 हजार वस्तीचं गाव (2011ची जनगणना). बहुतेक घरांना टाक्याच. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या मदतीने नगरपरिषदेने 2018 मध्ये ठरवलं, की फोनची वाट बघायची नाही. गावातल्या सगळ्या टाक्या तीन वर्षांच्या फेरीत पाळीपाळीने उपसायच्या. काम खासगी ठेकेदाराकडे दिलं, पण दारात आलेल्या गाडीला घरमालकाने पैसे द्यायचे नाहीत. खर्च स्वच्छता कर आणि घरपट्टीच्या उत्पन्नातून भागवायचा.

एक कच्चा हिशेब करून बघू. समजा, एका खेपेला दीड हजार रुपये लागतात. तुंबलेल्या दिवशी एकरकमी दीड हजार काढणं मजुरी करणाऱ्या घराला जड जातं. तीच रक्कम 36 महिन्यांवर पसरली तर महिन्याला 42 रुपयांच्या आसपास येते. शिवाय खेपच स्वस्त पडते. आज या टोकाला, परवा त्या टोकाला असं न करता गाडी एकाच गल्लीतल्या टाक्या ओळीने उपसते, रिकामी धावत नाही. वर्षाला किती काम मिळणार हे ठाऊक असल्यामुळे ठेकेदाराला गाडीसाठी पैसा उभा करणं सोपं जातं. त्याला पैसे मिळतात ते उपसलेल्या टाक्यांच्या संख्येवर, आणि नगरपरिषदेची बिलं रखडू नयेत म्हणून त्यासाठी वेगळं राखीव खातं ठेवलेलं आहे. मला या सगळ्या योजनेत हे खातं सर्वांत मोलाचं वाटतं. नगरपालिकांची कामं घेणाऱ्या कुठल्याही छोट्या ठेकेदाराला विचारा, त्याला धास्ती असते ती थकलेल्या बिलांची.

आणि याचा संबंध माणसाच्या जिवाशी आहे. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. आत उतरलेल्या माणसाला वाटतं वास गेला, आणि तो कोसळतो. सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे. तरी माणसं उतरवली जातात, मरतात. ठरल्या वेळी यंत्राने उपसा झाला, तर गाळ दगडासारखा घट्ट होत नाही आणि कुणाला आत उतरवण्याची पाळी येत नाही.

फिलिपीन्समधल्या दुमागेते शहराने हेच पाणीपट्टीतून साधलं. वापरलेल्या दर हजार लिटर पाण्यामागे दोन पेसो. पाण्याचं बिल लोक भरतातच, त्याला हा आकार जोडला. मलेशियाचा अनुभव उलट्या बाजूने शिकवतो. तिथे अनेक वर्षं ठरावीक फेरीने उपसा होत होता. 2008 मध्ये कायदा बदलला, जबाबदारी घरमालकांवर आली आणि उपसा एकदम घसरला. टाक्या त्याच, माणसं तीच, फक्त पैसे देण्याची रीत बदलली होती.

वाईत उपसलेला मैला दिवसाला 70 हजार लिटर क्षमतेच्या प्रक्रिया केंद्रात जातो. तिथे तो वाळवून, तापवून निर्धोक केला जातो. हे केंद्र गेट्स फाउंडेशनच्या मदतीतून उभं राहिलं. यंत्रं कधी तरी झिजणारच. तेव्हा पुन्हा देणगीदार शोधायचा, की आजच्या स्वच्छता करातून दर वर्षी थोडी रक्कम त्यासाठी बाजूला काढायची? वाईचं बघून ही योजना घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक नगरपरिषदेने अंदाजपत्रकात त्या रकमेची ओळ पहिल्याच वर्षी घालावी.