लघवी, प्रोस्टेट आणि 'अजून एक विचारायचं होतं': क्लिनिकला येण्याआधी वाचा

कोपरखैरण्यातलं आमचं क्लिनिक छोटंसं आहे. बाहेर सहा खुर्च्या, आत डॉक्टरांची खोली, एक फ्लो टेस्टची खोली आणि मागे लॅबचा कोपरा, एवढंच. जागा लहान म्हणजे काउंटरवर बोललेलं सहाही खुर्च्यांना ऐकू जातं आणि आमच्याकडे येणाऱ्या पुरुषांची खरी अडचण तीच असते. माणूस येतो, म्हणतो पोटाचं दाखवायचंय. आत गेल्यावर ते कंबरेवर येतं. सगळं तपासून झालं, कागद हातात दिला, माणूस दारापर्यंत गेला, की मग वळून म्हणतो, "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं." ते अजून एक म्हणजेच मूळ तक्रार असते आणि तोवर वीस मिनिटं कंबरेवर गेलेली असतात. म्हणून आता काउंटरवर नाव आणि मोबाईल नंबर एवढंच सांगायचं, तक्रार कागदावर लिहून आत द्यायची. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, चित्र काढलंत तरी चालेल, एका आजोबांनी खरंच काढलं होतं आणि दुखणं अगदी बरोबर जागी दाखवलं होतं.

लघवीचं सॅम्पल

सगळ्यात साधी टेस्ट आणि सगळ्यात जास्त बिघडणारी पण हीच. घरून जॅमच्या नाहीतर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत आणलेलं सॅम्पल आम्ही घेत नाही, बाटली कितीही धुतलेली असू दे. मेडिकलमधून सीलबंद डबी घ्या नाहीतर आमच्याकडून न्या. पहिली धार सोडून द्यायची, मधली डबीत घ्यायची, शेवटची परत सोडायची, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. कल्चर म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची टेस्ट सांगितली असेल तर डबी दोन तासात आमच्याकडे पोचली पाहिजे, नाहीच जमलं तर फ्रिजमध्ये ठेवा पण २४ तासांच्या वर नाही.

आणि कल्चर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी द्यायचं, आधी! होतं काय, जळजळ होते म्हणून ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या घेऊन माणूस आमच्याकडे येतो, जंतू अर्धमेले झालेले असतात, कल्चरमध्ये काही उगवत नाही, जळजळ मात्र चालूच, मग कुठलं औषध लागू पडेल हे कळायला मार्गच राहत नाही. रिपोर्टला दोन दिवस लागतात कारण जंतू वाढायला तेवढा वेळ घेतात, अर्जंटचे पैसे दिले म्हणून ते लवकर वाढत नाहीत.

शुगरवाल्यांसाठी वेगळं सांगतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असल्या नावाची गोळी चालू असेल तर ती साखर लघवीवाटेच बाहेर काढते, ते तिचं कामच आहे, त्यामुळे रिपोर्टमध्ये शुगर तीन प्लस दिसली तर घाबरून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. फक्त त्याच साखरेवर बुरशी पोसते, पुढच्या कातडीला खाज सुटते, बारीक चिरा पडतात, मग कातडी मागे जाईनाशी होते. लवकर आलात तर बहुतेक वेळा मलमावर भागतं. लाजेपोटी महिनोन्महिने काढलेत आणि कातडी आवळून बसली की मग ऑपरेशन करून ती काढावी लागू शकते.

प्रोस्टेट आणि फ्लो टेस्ट

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली लघवीच्या नळीला वेढून बसलेली ग्रंथी. वयाबरोबर ती वाढते, नळी दाबली जाते, मग धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, रात्री तीनचारदा उठावं लागतं, करून आलं तरी अजून उरलीय असं वाटतं. ह्यासाठी आम्ही सात प्रश्नांचा एक कागद देतो, प्रत्येकाला ० ते ५ मार्क, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० पासून पुढे जास्त त्रास. कागद काकांनी एकट्याने भरला तर मार्क कमी येतात आणि शेजारी काकू बसल्या असतील तर वाढतात, कारण रात्री बाथरूमचा दिवा किती वेळा लागतो ते काकूंना पाठ असतं. जमलं तर दोघं मिळून भरा.

फ्लो टेस्ट म्हटलं की लोक नळी घालणार म्हणून घाबरतात. नळी नाही, सुई नाही. खोलीत एक नरसाळं आहे, खाली मशीन आहे, दार लावून घ्यायचं आणि नेहमीसारखी लघवी करायची. स्क्रीनवर ग्राफ उमटतो, धार मोकळी असेल तर तो टेकडीसारखा चढतो उतरतो, अडथळा असेल तर बुटका होऊन लांबच लांब सपाट जातो. सेकंदाला १५ एमएलच्या वर धार असेल तर बहुतेक ठीक, १० च्या खाली असेल तर अडथळ्याचा संशय. संशयच म्हणतोय, कारण जुन्या शुगरमुळे मूत्राशयाचाच जोर कमी झाला तरी ग्राफ असाच दिसतो. एकूण लघवी निदान १५० एमएल तरी व्हायला हवी, नाहीतर टेस्ट वाया जाते. बाहेर माणसं बसली असताना होतच नाही असं पुष्कळांचं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, नळ सोडून ठेवा, दहा मिनिटं घ्या, आम्ही दार वाजवणार नाही. झाल्यावर लगेच सोनोग्राफीने आत किती उरली ते बघतो.

पीएसएच्या रक्त तपासणीबद्दल फार गैरसमज आहेत. पीएसए हे प्रोस्टेटमध्ये बनणारं प्रोटीन, कॅन्सर असो नसो ते बनतंच. आकडा ४ च्या वर गेला की घरात रडारड सुरू होते, पण इन्फेक्शनने तो वाढतो, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घातल्याने वाढतो, आदल्या दोन दिवसांत वीर्य गेलं असेल तरी वाढू शकतो, लांब सायकल मारल्याने पण (रविवारी सकाळी पाम बीच रोडला जाणाऱ्या मंडळींनी टेस्टच्या आधी दोन दिवस सायकल घरी ठेवावी). इन्फेक्शन झालं असेल तर साधारण सहा आठवडे थांबून करा. उलटी गंमत म्हणजे फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही प्रोस्टेटची गोळी सहा महिने चालू असेल तर पीएसए जवळजवळ निम्मं दिसतं, म्हणजे रिपोर्टवरचे २ हे ४ धरून चालायचं. केस गळतात म्हणून फिनास्टेराइड घेणारे हे कधीच सांगत नाहीत, कारण त्यांच्या हिशेबाने ती डोक्याची गोळी असते.

उपचार बहुतेकांचा गोळ्यांवर भागतो. टॅमसुलोसिनने काही दिवसांतच फरक पडायला लागतो पण उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून जेवल्यावर घ्या आणि रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला जरा बसा. संबंधाच्या वेळी वीर्य कमी येणं किंवा न येणं हे पण ह्या गोळीने होतं, त्याने इजा नाही, फक्त मूल हवं असेल तर आधी सांगा. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ह्या गोळीचं नाव जरूर सांगा, पूर्वी घेऊन बंद केली असेल तरी सांगा, तिच्यामुळे बुबुळ सैल पडतं आणि त्यांना वेगळी तयारी ठेवावी लागते.

मूल राहत नाही तेव्हा

एक वर्ष प्रयत्न करून राहिलं नाही तर तपासणी करावी, वहिनी ३५ च्या पुढे असतील तर सहा महिन्यांनीच. आणि दोघांची एकदम. साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं पण काहीतरी कारण निघतं, तरी आमच्यासमोर येतं ते असं की वहिनींची फाईल वीतभर जाड आणि दादांची पहिली टेस्ट आज. ह्याचा आम्हाला राग येतो, लिहूनच टाकतो.

वीर्य तपासणीआधी निदान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवसांचा खंड ठेवा, म्हणजे तेवढे दिवस वीर्य जाऊ द्यायचं नाही. सॅम्पल शक्यतो इथल्या खोलीतच द्या. घरून आणायचंच असेल तर तासाच्या आत, आणि डबी शर्टाच्या आत अंगाला लावून, फ्रिजमध्ये नाही आणि बर्फात तर नाहीच. मागे एक दादा डोंबिवलीहून गाडीने निघाले, शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकले, डबी ठेवलेली एसीच्या झोतासमोर, पोचले पावणेदोन तासांनी. मायक्रोस्कोपखाली जवळजवळ सगळं थंड. दादांचा चेहरा बघवेना. दोन आठवड्यांनी ट्रेनने आले, इथेच सॅम्पल दिलं आणि हालचाल व्यवस्थित निघाली. दोष शीळफाट्याचा होता. कंडोममध्ये आणू नका, त्यातल्या रसायनाने शुक्राणू मरतात. थुंकी, तेल पण लावू नका. आणि थोडं सांडलं तर तसं सांगा, पहिला भाग सांडला तर आकडाच बदलतो.

रिपोर्ट वाचताना लक्षात ठेवा की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकाप्रमाणे खालची मर्यादा वीर्य १.४ एमएल, एमएलमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू, हालणारे ४२ टक्के आणि नीट आकाराचे फक्त ४ टक्के अशी आहे. हो, ४ टक्के. ९६ टक्के बिघडलेले हे वाचून रात्रभर जागलेली माणसं सकाळी आठला आमच्या दारात उभी असतात. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे डेंग्यू, टायफॉइड असा मोठा ताप येऊन गेला असेल तर तीन महिने थांबून परत करा. एका रिपोर्टवर आम्ही काहीच ठरवत नाही.

पुढे अंडकोषावरच्या फुगलेल्या शिरा म्हणजे व्हेरिकोसील बघतो, तो बहुतेक डावीकडे असतो कारण डावी शीर किडनीच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते आणि रक्त तुंबतं. शंभरातल्या साधारण १५ पुरुषांना तो असतो, सगळ्यांना ऑपरेशन लागत नाही. शुक्राणू शून्य आले तर कारखानाच बंद आहे की पाइप चोकअप आहे हे हार्मोनच्या रक्त तपासणीवरून बऱ्यापैकी कळतं, दोन्हीचे रस्ते वेगळे. जिममधल्या पोरांनो, बॉडीसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असाल तर शरीर स्वतःचं काम थांबवतं आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. ट्रेनर हे सांगणार नाही.

धातू आणि ताठरता

लघवीतून धातू म्हणजे वीर्य जातं म्हणून खूप तरुण येतात, बरेचसे लोकलच्या डब्यातल्या जाहिरातवाल्याकडे पैसे घालवून. ही भीती इतकी जुनी आणि आपल्याकडची आहे की १९६० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी तिला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. गढूळ लघवी आम्ही मायक्रोस्कोपखाली धरतो तेव्हा बहुतेक वेळा फॉस्फेटचे म्हणजे क्षाराचे कण असतात, म्हणाल तर तुम्हालाही दाखवतो, दाखवल्यावर अर्धी भीती तिथेच जाते.

ताठरतेची तक्रार असेल तर आधी शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल बघतो, कारण तिथल्या रक्तवाहिन्या बारीक, हृदयाच्या आधी त्या बोलतात. सिल्डेनाफिल ही ताठरतेची गोळी कुणा मित्राकडून घेऊन खाऊ नका, आणि छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेट किंवा तसल्या गोळ्या चालू असतील तर अजिबात नाही, बीपी एकदम कोसळतं.

थांबायचं नाही असं

मुलाच्या अंडकोषात अचानक जोरात कळ आली तर मध्यरात्र असली तरी थेट मोठ्या हॉस्पिटलला जा. अंडकोष पिळला गेला असेल तर साधारण सहा तासांच्या आत सोडवावा लागतो, आणि मुलं पोट दुखतंय एवढंच सांगतात, खाली बघितल्याशिवाय कळत नाही. मुतखड्याच्या कळेबरोबर थंडीताप, लघवी पूर्ण अडकणं, हे पण तसंच. न दुखता लघवीतून रक्त गेलं आणि दुसऱ्या दिवशी आपोआप थांबलं तरी दाखवा, तंबाखू-सिगारेटवाल्यांनी तर नक्कीच. मुतखड्याच्या ऑपरेशनमध्ये स्टेंट म्हणजे आत ठेवलेली बारीक नळी घातली असेल तर ती काढायची तारीख घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये टाका, वर्षानुवर्षं आत विसरलेल्या स्टेंटवरच खडे धरतात आणि तो काढणं हेच वेगळं ऑपरेशन होऊन बसतं.

येताना जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, 'ती पांढरी बारीक गोळी' ह्यावरून आम्हाला ओळखता येत नाही. फ्लो टेस्ट असेल तर घरून पाणी पिऊन निघा आणि वाटेत कोपरखैरणे स्टेशनला मोकळे होऊन येऊ नका.