पार्श्वभूमी : ठरवायचं ते लेंटमध्ये की पावसाळ्याच्या तोंडावर?

खानदेशातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीपुढे तीन प्रश्न आहेत. मिशनच्या कंपाऊंडातला जुना बंगला पाडायचा की डागडुजी करून ठेवायचा. पाळकाचा पगार एकट्यानं पेलायचा की शेजारच्या दोन गावांबरोबर वाटून घ्यायचा. आणि रविवारची उपासना नुसती मराठीत चालू द्यायची की महिन्यातून एकदा मावची या आदिवासी बोलीत घ्यायची. हे एका बैठकीत उरकू नये, वर्षभर प्रार्थनेतून आणि बोलण्यातून सगळ्यांनी मिळून ठरवावं, असं वडीलमंडळानं, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांनी, सुचवलं. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, एकमेकांचं ऐकायचं, लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, आपलं कुठं चुकलं ते पाहायचं, आणि ईस्टर ते पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) या पुनरुत्थानाच्या पन्नास दिवसांत निर्णयाला यायचं. कागदावर सुरेख. भांडण पेटलं ते काय ठरवायचं यावर नाही, कधी ठरवायचं यावर. त्या भांडणामागं बराच इतिहास आहे, म्हणून ही टिपण.

खानदेशातल्या बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांना उपासनावर्ष, म्हणजे असं सणाकाळांत वाटलेलं चर्चचं वर्ष, वारशानं मिळालेलंच नाही. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत ते होतं. तिथल्या अँग्लो-इंडियन आणि गोवेकर कुटुंबांनी आगमनकाळ ते पेंटेकॉस्ट हे चक्र आपल्याबरोबर आणलं. पण खेड्यापाड्यांत जी मंडळी उभी राहिली ती १८९९-१९०० च्या दुष्काळानंतरची. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि मिशनांची वाटणीही जवळजवळ तशीच पडली. पूर्वेकडे वऱ्हाडातून सरकत आलेले अमेरिकन, पश्चिमेला नंदुरबार-नवापूरकडे स्कँडिनेव्हियन मुळाचे. दोघांचाही सणवारांवर फारसा जीव नव्हता. लेंट म्हणजे रोमचं काहीतरी, ही त्यांची धारणा. नाताळ, उत्तम शुक्रवार, ईस्टर आणि कापणीचा सण, एवढ्यावर वर्ष भागायचं.

तरी ठरवण्यासाठी म्हणून राखलेला एक काळ त्यांच्याकडेही होता : जानेवारीचा पहिला आठवडा, प्रार्थना सप्ताह. गंमत अशी की जगभर पाळला जाणारा हा सप्ताह परदेशातून आलेला वाटतो, पण त्याची हाक गेली ती आपल्याच लुधियान्याहून. तिथल्या मिशनऱ्यांनी १८५८ मध्ये आवाहन केलं आणि जानेवारी १८६० मध्ये पहिला सप्ताह पाळला गेला. आमच्या आजोबांच्या पिढीत नव्या वर्षाचं जे काही ठरायचं ते याच आठवड्यात. अर्थात ठरवायचे मिशनचे साहेब. आजोबांची मंडळी ‘आमेन’ म्हणायची. हे मी कडवटपणानं लिहीत नाही. शाळा, दवाखाने, विहिरी त्याच पद्धतीनं झाल्या. पण एकत्र बसून वाट शोधायची सवय मात्र लागली नाही, आणि ती उणीव आज जाणवते.

स्वातंत्र्यानंतर मिशनरी हळूहळू गेले, कंपाऊंडं विश्वस्तांच्या ताब्यात आली. इथं एक नवीन पंचांग मंडळीच्या गळ्यात पडलं, ज्याकडे भाविक लेखन सहसा वळत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानं हिशेबाचं वर्ष आलं, ऑडिट आलं, विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट आला. कलम ३६ प्रमाणे जमीनजुमला विकायचा तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आली. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला मिटतं. मार्चएंड म्हणजे बहुतेक वर्षी लेंट. ज्या दिवसांत आत्मपरीक्षण करायचं, त्याच दिवसांत खजिनदार पावत्या शोधत असतो.

लेंट मग आमच्याकडे आलं कुठून? थोडंफार १९७० च्या ऐक्यातून. चाळीस वर्षं बोलणी चालल्यावर उत्तर भारतातल्या सहा चर्चपरंपरा नागपुरात एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. तारीख होती २९ नोव्हेंबर, आणि तो आगमनकाळाचा पहिला रविवार होता. उपासनावर्ष मानणारे आणि न मानणारे, बाळांचा बाप्तिस्मा देणारे आणि न देणारे एका छपराखाली आले. खानदेशातल्या बऱ्याच मंडळ्या या ऐक्यात गेल्या नाहीत, आमचीही नाही. पण सोयरिका कुणाच्या ठरावानं थांबत नाहीत. नाशिक-नगरकडच्या मुली सुना होऊन आल्या, बदलीचे मास्तर आले, नर्सबाई आल्या. आमच्या गावात लेंट आलं ते सुनांबरोबर, असं मी नेहमी म्हणतो. त्यांनी उपवास धरला, संध्याकाळच्या प्रार्थना सुरू केल्या. दहा-पंधरा वर्षांत पाळकसाहेब झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मिरवणूक काढू लागले आणि जुने वडीलही झावळी हातात धरून उभे राहिले.

कॅथलिकांकडे क्रम उलटा. वर्ष आधीपासून होतं, भाषा नव्हती. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेविषयीचा दस्तऐवज डिसेंबर १९६३ चा. त्यानंतर मिस्सा मराठीत आली. १९६९ मध्ये दिनदर्शिका सुधारली गेली आणि सणांच्या काळांबाहेरच्या दिवसांना ‘सामान्यकाळ’ हे नाव रूढ झालं. १९८७ मध्ये नाशिकचा धर्मप्रांत वेगळा झाला आणि आजच्या जळगाव, धुळे, नंदुरबारचे कॅथलिक त्यात आले.

आता मूळ भांडण.

नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतल्या आदिवासी पट्ट्यात दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. नवरा-बायकोचा एक कोयता. मुकादमानं पावसाळ्यातच उचल दिलेली असते, ती फेडायला टोळ्या दक्षिण गुजरातच्या उसात उतरतात, बारडोलीकडं आणि त्याच्या आसपास. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, असं कौतुकानं सांगतात. आमच्या माणसांची वर्षंही तशीच कापलेली. कारखान्याचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि एप्रिल-मेमध्ये संपतो. आता हे उपासनावर्षाशेजारी ठेवून पाहा. आगमनकाळ : माणसं पडावात, म्हणजे ऊसतोडीच्या तळावर. नाताळ : जमलं तर दोन दिवस घरी. प्रार्थना सप्ताह : पडावात. राखेच्या बुधवारापासून, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरपर्यंत : पडावात. म्हणजे चर्चनं जे महिने विचारासाठी राखले, नेमक्या त्या महिन्यांत मंडळी गावात नसते.

मग मंडळीत असतं कोण? म्हातारे, शाळेत जाणारी पोरं, आणि आम्ही पेन्शनवाले : निवृत्त मास्तर, एसटीतून सुटलेले, दवाखान्यातले जुने कर्मचारी. आमच्याकडे वेळ आहे, चष्मा आहे आणि मंडळीच्या घटनेची प्रत आहे. लेंटच्या शुक्रवारी सभा घ्या, सगळं सुरळीत होईल. बंगला पाडायचा ठराव एकमतानं संमत होईल, कारण पाडू नका म्हणणारे त्या वेळी बांधावर ऊस सोलत असतील.

याच्या विरुद्ध बाजूनं जे बोललं गेलं तेही खोटं नाही. विश्वस्तांचं म्हणणं, कायद्यानं सभेची सूचना दिली, कोरम भरला, मग सभा वैध. सहा महिने बाहेर असणाऱ्यांसाठी थांबायचं तर कुठलाच निर्णय होणार नाही, आणि छप्पर पावसाची वाट बघत नाही. कुणीतरी घटनेतलं कलम काढलं, ज्याची वर्गणी थकली त्याला मत नाही. वर्गणी कुणाची थकते? ज्याची उचल फिटत नाही त्याची. हे कलम कुणी दुष्टपणानं घातलेलं नव्हतं. पगारदारांच्या मंडळीसाठी ते लिहिलं गेलं आणि मजुरांच्या मंडळीला लागू झालं. सभेत कलम वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

एक तोडगा होळीचा निघाला. होळीला टोळ्या गावी येतात, सातपुड्यात तर होळी म्हणजे वर्षाचा सगळ्यात मोठा सण, त्याआधी भोंगऱ्याचे बाजार. आमची ख्रिस्ती कुटुंबंही त्या चार दिवसांत येतात, कारण तेव्हाच मुकादम सोडतो. २०२४ ला होळी पेटली तो दिवस झावळ्यांचा रविवार होता. गावात चर्च एरवीपेक्षा जास्त भरलं. पण होळीच्या निमित्तानं सभा ठेवणं जुन्या वडिलांना रुचेना. मिशनच्या काळात होळीपासून लांब राहा हे शिकण्यात त्यांचं बालपण गेलं. मला त्यांची अडचण कळते, पटत नाही.

माझं मत उघड सांगतो. खानदेशचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उलटतं. सालदाराचं साल तेव्हा संपतं आणि नवं ठरतं, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, कोयते परतू लागतात. आणि आखाजी जवळजवळ नेहमी ईस्टर आणि पेंटेकॉस्ट यांच्या मधे पडते. २०२४ ला ईस्टर ३१ मार्चला, आखाजी १० मेला, पेंटेकॉस्ट १९ मेला. २०२५ ला २० एप्रिल, ३० एप्रिल, ८ जून. शिष्य एका ठिकाणी जमले असताना आत्मा उतरला, हे आपण दरवर्षी वाचतो. आमच्याकडे माणसं एका ठिकाणी जमतात ती याच सुमाराला, पहिल्या पावसाच्या आधी. त्यानंतरचा लांब हिरवा काळ, ज्याला कॅथलिक सामान्यकाळ म्हणतात आणि जुनी अँग्लिकन घराणी त्रैक्याचे रविवार मोजत, त्याला आपण रिकामा समजतो. आमच्यासाठी तोच भरलेला असतो.

शब्दाचाही घोळ आहे, थोडक्यात सांगतो. देवाची इच्छा मिळून ओळखणं याला मराठीत एक शब्द ठरत नाही. कुणी ‘पारख’ म्हणतं. जळगावच्या सराफ बाजारात ठीक आहे, पण पारख एकटा जाणकार करतो. बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघतात. साहेबांच्या काळात तेच तर चालायचं. ‘विवेक’ फार पुस्तकी. ‘प्रार्थना करून ठरवू’ हे आमच्या सभांमध्ये इतकं वापरलं गेलंय की त्याचा अर्थ आता ‘पुढच्या सभेत बघू’ असा होतो. मला स्वतःला ‘निवडणं’ बरं वाटतं. सुपात ज्वारी घेऊन बाया ओट्यावर बसतात, बोलता बोलता खडे बाजूला होतात, घाई कुणालाच नसते. अडचण एवढीच की त्याच धातूपासून निवडणूक झाली आहे, आणि आमच्या मंडळ्यांनी निवडणुका पुष्कळ पाहिल्या आहेत, पॅनेल पाडून.

‘सिनड’चंही तसंच. ऐक्यात गेलेल्या नातेवाइकांसाठी सिनड म्हणजे वरचं सभागृह, दिल्लीचं कार्यालय, पत्रव्यवहार. कॅथलिक शेजाऱ्यांसाठी २०२१ पासून सिनड म्हणजे एकमेकांचं ऐकत चालण्याची प्रक्रिया. रोममध्ये ती १० ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाली, धर्मप्रांतांत १७ ऑक्टोबरला, म्हणजे दसऱ्यानंतर दोन दिवसांनी. दिवाळी तोंडावर, टोळ्या निघायच्या बेतात. पहिली मुदत एप्रिल २०२२ ची होती. ती १५ ऑगस्टपर्यंत वाढवली गेली. ही वाढ साऱ्या जगासाठी होती, आमच्या उसतोड्यांचा विचार कुणी केला नव्हता. पण एप्रिलला कागद बंद झाले असते तर कोयत्यावरचा माणूस पुन्हा सुटलाच असता. जून-जुलै मिळाल्यानं निदान तो घरी सापडण्याची सोय झाली. पुढं २०२३ आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रोमला दोन अधिवेशनं झाली, त्यांत बिशपांबरोबर सामान्य स्त्री-पुरुषांनाही मत होतं, आणि शेवटच्या दस्तऐवजाचा परिच्छेद न् परिच्छेद मताला टाकला गेला. आमच्या प्रोटेस्टंट वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला.

त्याआधीचं २०२० विसरून चालणार नाही. मार्चच्या टाळेबंदीत लेंट अर्ध्यावर तुटलं, १२ एप्रिलचा ईस्टर घरात गेला. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं उघडली ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. दोन आठवड्यांनी आगमनकाळ सुरू झाला, २९ नोव्हेंबरला, नागपूरच्या ऐक्याला बरोबर पन्नास वर्षं. त्या वर्षी पहिल्यांदा आम्ही मंडळीचे निर्णय व्हॉट्सॲपवर घेतले. वाईट निर्णय होते, घाईचे, पण पडावातल्या माणसांचे अंगठे त्यात होते. आजच्या वादातली धार तिथून आली आहे. एकदा विचारलं गेलेला माणूस दुसऱ्यांदा न विचारलेलं सहन करत नाही.

सध्या ठरलंय ते असं. आगमनकाळ आणि लेंटमध्ये फक्त ऐकायचं, त्यासाठी दोन वडील आणि पाळकसाहेब एकदा बारडोलीकडं जाऊन येणार, भाड्याचे पैसे कापणीच्या सणाच्या लिलावातून. मार्चएंडच्या सभेत हिशेब मंजूर होतील, बंगल्याचा विषय निघणार नाही. तिन्ही प्रश्नांवरची सभा त्रैक्य रविवारनंतरच्या, म्हणजे पेंटेकॉस्टच्या पुढच्या रविवारनंतरच्या, आठवड्यात. थकलेल्या वर्गणीचं कलम तेवढ्या सभेपुरतं बाजूला ठेवायचं, यावर एका विश्वस्तानं लेखी हरकत नोंदवली आहे. सूचना झावळ्यांच्या रविवारी मंडळीत वाचली जाईल आणि तिचा फोटो मुकादमांच्या व्हॉट्सॲपवर जाईल, कारण कुठलं कुटुंब कुठल्या पडावात आहे हे आमच्या सभासद-नोंदवहीपेक्षा त्यांनाच नीट ठाऊक असतं.