जखमी वन्यप्राणी उपचार व पुनर्वसन निधी, नागपूर

जखमी, आजारी किंवा आईपासून दुरावलेल्या वन्यप्राण्याची सुटका करणे, त्याच्यावर उपचार करणे आणि जमल्यास त्याला पुन्हा जंगलात सोडणे, या कामासाठी लागणारा पैसा आणि तो उभा करण्याची व्यवस्था म्हणजे हा निधी. या नावाचे एकच स्वतंत्र खाते नाही. वेगवेगळ्या योजना, प्रतिष्ठाने, कंपन्या आणि देणगीदार यांच्याकडून आलेल्या रकमांवर हे काम चालते.

नागपूरला या विषयात विशेष महत्त्व आहे. पेंच, बोर आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही जंगले शहरापासून जवळ आहेत. ताडोबा-अंधारी आणि नवेगाव-नागझिरा येथूनही प्राणी उपचारासाठी येऊ शकतात. सेमिनरी हिल्सवर वनविभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. तेथे प्राण्यावर उपचार करून, तो बरा झाला की त्याला अधिवासात परत सोडायचे, असे धोरण आहे. सोडण्यायोग्य नसलेले किंवा माणसांशी संघर्षानंतर पकडलेले वाघ-बिबटे गोरेवाडा येथील बचाव केंद्रात ठेवले जातात. हे केंद्र वन विकास महामंडळाच्या गोरेवाडा प्रकल्पात आहे. 26 जानेवारी 2021 रोजी लोकांसाठी खुले झालेले बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणिउद्यान हा याच प्रकल्पाचा भाग. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्रही गोरेवाड्यातच असल्याने शस्त्रक्रिया आणि शवविच्छेदन यांसाठी तज्ज्ञ हाताशी असतात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार संरक्षित प्राणी परवानगीशिवाय जवळ बाळगता येत नाही. जखमी मोर किंवा घोरपड सापडली तर ती घरी ठेवून पाळणे हा गुन्हा ठरू शकतो. 1926 या हेल्पलाइनवर किंवा वनरक्षकाला कळवणे हाच मार्ग. त्यामुळे खर्चाची पहिली जबाबदारी शासनावर येते.

पैसा कोठून येतो

राज्याच्या अर्थसंकल्पातील वनविभागाची तरतूद हा मूळ आधार. वन्यजीव अधिवास विकासाच्या केंद्र पुरस्कृत योजनेत केंद्र आणि राज्य यांचा वाटा साधारण 60:40 असतो. जिल्हा नियोजन समितीकडून इमारत, वाहन किंवा यंत्रसामग्रीसाठी रक्कम मिळू शकते. कॅम्पा निधी, म्हणजे प्रतिपूरक वनीकरणाचा निधी, हा आणखी एक मोठा स्रोत. वनजमीन खाण, रस्ता किंवा धरणासाठी वळवली की संबंधित यंत्रणेकडून भरपाई घेतली जाते. प्रतिपूरक वनीकरण निधी अधिनियम, 2016 आणि त्याखालील 2018 चे नियम यांनुसार ती खर्च होते. प्राण्यांची बचाव केंद्रे आणि उपचार सुविधा यांवरील खर्च या नियमांत बसतो. जंगल तुटल्यामुळे गावाकडे वळलेल्या बिबट्याचे औषध याच पैशातून यावे, हे न्याय्यच आहे.

व्याघ्र प्रकल्पांकडे स्वतंत्र प्रतिष्ठाने आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील 2006 च्या दुरुस्तीने ही तरतूद आली आणि पर्यटकांच्या प्रवेशशुल्काचा पैसा त्याच जंगलासाठी वापरणे सोपे झाले. जलद बचाव पथकाची गाडी, जाळी, पिंजरे, भूल देण्याची बंदूक आणि औषधे यांसाठी अशा पैशाचा उपयोग होतो, कारण तातडीच्या खरेदीला प्रतिष्ठानाचा मार्ग सरकारी कोषागारापेक्षा मोकळा असतो.

कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. वनस्पती व प्राणिजीवनाचे संरक्षण आणि प्राणिकल्याण हे विषय त्याच्या यादीत आहेत. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल या दोन्ही सार्वजनिक कंपन्यांची मुख्यालये नागपुरात असल्याने येथे या मार्गाला वाव मोठा आहे.

खर्च कशावर होतो

बचावाचा दिवस सर्वांना दिसतो: विहिरीत पडलेल्या बिबट्यासाठी दोरांनी बाज खाली सोडलेली असते, काठावर अख्खे गाव जमलेले असते, पोलीस गर्दी मागे रेटत असतात. या दिवसाचा खर्च मात्र एकूण खर्चात लहान असतो. मोठा खर्च नंतर सुरू होतो.

संक्रांतीच्या काळात नायलॉन मांजाने पंख कापलेली घार घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये या मांजावर बंदी घातली, तरी जानेवारीत नागपुरात असे पक्षी येतच राहतात. जखम शिवायला थोडा वेळ आणि थोडी औषधे पुरतात. पण उडण्याची मोठी पिसे मुळाच्या वर कापली गेली असतील, तर ती आपोआप वाढत नाहीत. जुनी पिसे झडून नवी येईपर्यंत थांबावे लागते. म्हणजे कित्येक महिने रोजचे मांस, स्वच्छ जाळीघर, पायाला फोड येऊ नयेत म्हणून बसायला मऊ दांड्या, मग उडण्याचा सराव. टाक्यांना पैसे देणारा कोणीही भेटतो; या महिन्यांचे पैसे मागायला गेले की अडचण सुरू होते.

वाघाचे गणित याहून जड आहे. बंदिस्त वाघाला आठवड्यातून एक दिवस उपवास धरून रोज साधारण 8 किलो मांस दिले, तर वर्षाला सुमारे 2,500 किलो होते. जंगलात परत जाऊ न शकणारा वाघ पिंजऱ्यात पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक जगू शकतो. कंपन्यांच्या सामाजिक खर्चाच्या नियमांत बहुवर्षीय प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षे आहे. उरलेली वर्षे शासनाच्या अंगावर पडतात. देणगीतून पिंजरा बांधताना त्यातील प्राण्याच्या आयुष्यभराच्या अन्नाचा हिशेब मांडला जावा, अशी अट सुरुवातीलाच घालायला हवी.

डिसेंबर 2024 मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेच्या तपासणीत एच-5 एन-1 बर्ड फ्लूचे निदान झाले. हे प्राणी माणसांशी संघर्षानंतर चंद्रपूर भागातून आणलेले होते. खाद्यमांसाची तपासणी, विलगीकरणाचे पिंजरे, निर्जंतुकीकरण आणि कर्मचाऱ्यांची आरोग्यतपासणी या बाबी फीत कापण्याच्या कार्यक्रमात येत नाहीत, पण त्यांवरील खर्च टाळला की किंमत प्राण्यांच्या जिवाने मोजावी लागते.

पैशाचे वेळापत्रकही प्रतिकूल आहे. मार्चअखेरीस आर्थिक वर्ष संपते आणि नव्या वर्षाचा शासकीय निधी टप्प्याटप्प्याने मिळतो. नेमक्या एप्रिल-मे-जूनमध्ये विदर्भात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, उष्माघाताने पक्षी झाडांवरून पडतात, पाण्याच्या शोधात वानरे विजेच्या तारांना चिकटतात, पिल्ले घरट्याबाहेर येतात. सलाइन, पिल्लांचे खाद्य, कूलर आणि रोजंदारी कामगार यांची गरज सर्वाधिक असते ती याच तिमाहीत.

सुटकेनंतरचा टप्पा

यवतमाळ जिल्ह्यात नोव्हेंबर 2018 मध्ये मारल्या गेलेल्या टी-1 उर्फ अवनी वाघिणीचा मादी बछडा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पकडून पेंचमध्ये आणला गेला. दोन वर्षांहून अधिक काळ कुंपणात ठेवून तिला शिकारीसाठी तयार केले गेले आणि मार्च 2021 मध्ये रेडिओ कॉलर लावून जंगलात सोडले गेले. काही दिवसांतच दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत ती जखमी झाली व गोरेवाड्यात उपचारांदरम्यान दगावली. या प्रयत्नाला वाया गेलेला पैसा म्हणणे अन्यायाचे आहे. ती कशी चालली, कोठे अडली, कोणाच्या हद्दीत शिरली, हे कॉलरमुळेच कळले. कॉलर, उपग्रह संदेशाचे शुल्क आणि मागावर राहणारे पथक यांची तरतूद पुनर्वसनाच्या अंदाजपत्रकात सोडण्याच्या तारखेपुढेही किमान एक वर्ष असावी लागते.