‘ब्लॅक बेटी’ नेमकं वाजवलं कोणी?
१९७७ मध्ये गाजलेलं ‘ब्लॅक बेटी’ हे रॉक गाणं रॅम जॅम या अमेरिकन बँडने वाजवलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. मूळ रेकॉर्डिंग गिटारवादक-गायक बिल बार्टलेटच्या आधीच्या स्टारस्ट्रक बँडचं. निर्मात्यांनी त्याची काटछाट केली, बार्टलेटभोवती नवे वादक जमवले आणि रॅम जॅम उभा केला. हे गाणं असलेल्या अल्बममधली बाकीची गाणी या नव्या मंडळींची. ‘एक गाणं सोडलं तर अल्बममध्ये दम नाही’ हा शेरा मला म्हणूनच अन्यायाचा वाटतो. तुलना दोन वेगळ्या बँडची होते.

गाणं अमेरिकन लोकगायक लेडबेलीने रचलं, हीही चुकीची समजूत. त्याचं ध्वनिमुद्रण १९३९ चं, गिटारशिवाय. त्याआधी १९३३ मध्येच लोकगीतं गोळा करणाऱ्या जॉन आणि अ‍ॅलन लोमॅक्स या पितापुत्रांनी टेक्ससच्या तुरुंगात कैद्यांच्या तोंडून ते टिपलं होतं.