गोव्याला येण्याच्या वाटा

नाताळच्या आठवड्यात पत्रादेवीच्या नाक्यावरून गोव्यात शिरणाऱ्या बहुतेक मोटारींचे तोंड बार्देसच्या किनाऱ्याकडे असते. कळंगुट, बागा, हणजूण. फोंड्याकडे वळणारे थोडे, आणि तेही बहुधा परतीच्या दिवशी, ‘जाता जाता मंगेशीही करून घेऊ’ म्हणत. शंभर वर्षांपूर्वी मुंबईचे मराठी कुटुंब गोव्याला निघायचे ते मंगेशीसाठी किंवा शांतादुर्गेसाठीच. समुद्र दिसला तर वाटेत दिसायचा. हा क्रम कसा उलटला ते समजून घ्यायचे तर सोळाव्या शतकापासून सुरुवात करावी लागते.

तिसवाडी, बार्देस आणि सासष्टी हे तालुके पोर्तुगिजांच्या हाती आधी आले. तिथली देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी देव उचलले आणि नदीपार नेले. कुठ्ठाळीचा मंगेश १५६०च्या सुमारास झुवारी ओलांडून प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला, ही सगळी गावे फोंडा तालुक्यातली. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर डिचोलीतल्या नार्व्याला नेला गेला. त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार पुढे १६६८मध्ये शिवाजी महाराजांनी करवला. फोंडा पोर्तुगिजांकडे गेला तो १७६३मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनंतर. तोवर त्यांचा धार्मिक कडवेपणा बराच निवळला होता. म्हणूनच आजही अंत्रुजात, म्हणजे फोंड्यात, देवळांची दाटी आणि किनारपट्टीवर चर्चची, अशी गोव्याची विभागणी दिसते. पर्यटनाच्या पत्रकांत हे ‘संस्कृतींचा संगम’ म्हणून छापतात. मला त्यात पळापळ आणि ताटातूट जास्त दिसते.

देवांबरोबर माणसेही हलली. कोणी कोकणात गेले, कोणी कारवार-मंगळुरास, कोणी थेट कोचीपर्यंत. पण कुलदैवत गोव्यातच राहिले. मुंज, लग्न, नवसफेड, कौल लावणे यांसाठी यावेच लागे. या मंडळींसाठी देवळांभोवती अग्रशाळा उभ्या राहिल्या. गोव्यातली मुक्कामाची ही सर्वांत जुनी सोय. हॉटेल फार नंतरचे. सामान खोलीत टाकायचे, तळीवर पाय धुवायचे, अभिषेकाची पावती करायची. आजोबा-नातवंडांसकट सगळे घर आठ-दहा दिवस देवळाच्या आवारात राहायचे. याला सहल कोणी म्हणत नसे, पण मुलांची सुट्टी तीच होती.

यायचे कसे? पूर्वी घाटवाटा. मग १८८८मध्ये मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतची मीटरगेज रेल्वे पूर्ण झाली आणि पुण्याकडची माणसे मिरज, बेळगाव, लोंढा करत दूधसागराच्या शेजारून खाली उतरू लागली. कॅसलरॉकला ब्रिटिशांची जकात, कुळेला पोर्तुगिजांची. मुंबईकरांना जवळची होती ती बोट. ती रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीच्या धक्क्याला लागायची. वाटेतल्या बंदरांत बोट दूर उभी राहायची आणि प्रवासी पडावातून यायचे-जायचे. पावसाळ्यात सगळे बंद. त्यामुळे गोव्याचा हंगाम ठरवला तो समुद्राने.

गोवेकरांची स्वतःची हवापालटही होती. सासष्टीतली सुखवस्तू ख्रिस्ती घराणी मे महिन्यात कोलव्याच्या किनाऱ्यावर जाऊन राहायची. त्याला ‘मुदान्स’ म्हणत. आतल्या गावांतली हिंदू माणसे पावसापूर्वी खाऱ्या पाण्यात न्हायला यायची, कारण त्याने वर्षभर अंग दुखत नाही अशी समजूत. म्हणजे किनारा सुट्टीसाठी वापरला जात होता, फक्त त्याचे दुकान झाले नव्हते.

मग वाटच बंद झाली. १५ ऑगस्ट १९५५ला सत्याग्रही सीमा ओलांडू लागले, पोर्तुगिजांनी गोळीबार केला, पत्रादेवीलाही माणसे पडली. त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली आणि रेल्वे थांबली. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त होईपर्यंत मुंबईतल्या अनेक घरांना देवीचे दर्शन नव्हते. नाकेबंदीवर तोड म्हणून पोर्तुगिजांनी गोव्यात परदेशी मालाचा पूर आणला होता. त्यामुळे मुक्तीनंतर पहिल्यांदा आलेल्यांत जसे भाविक होते तसे घड्याळ, नायलॉन आणि ट्रान्झिस्टर शोधणारेही. दारूचेही तेच. पलीकडे १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा, इकडे कोपऱ्याकोपऱ्यावर ताव्हेर्न. मराठी मध्यमवर्गाच्या मनात ‘गोवा’ म्हटल्यावर जी मिस्कील छटा येते तिचा उगम इथे आहे, हिप्पींमध्ये नाही.

हिप्पी साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात हणजूणला आले. त्यांच्यावर इतके लिहून झाले आहे की इथे थांबायचे कारण नाही. गोव्यात तेव्हा याहून मोठा प्रश्न होता तो विलीनीकरणाचा. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. महाराष्ट्रातून येणारा माणूस पाहुणाच राहिला. बरेच मराठी पाहुणे हे अजून मनावर घेत नाहीत.

पैसा किनाऱ्याकडे वळला तो त्यानंतर. १९७४मध्ये आग्वादला ताजचे हॉटेल आले, १९८३मध्ये राष्ट्रकुल देशांचे प्रमुख तिथे विश्रांतीला आले आणि १९८७मध्ये जर्मनीहून चार्टर विमान दाबोळीला उतरले. त्या पाहुण्यांच्या बसवर ‘जागृत गोंयकारांची फौज’च्या कार्यकर्त्यांनी शेण फेकले. जमीन, पाणी आणि समुद्र हॉटेलांच्या घशात जातील ही त्यांची तक्रार होती. आज वाचताना ती फारशी अवाजवी वाटत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बोट बंद पडली. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि मुंबईकर रात्री गाडीत झोपून सकाळी मडगावला उतरू लागला. आठ-दहा दिवसांचा मुक्काम तीन रात्रींवर आला. अग्रशाळेपेक्षा किनाऱ्यावरचे गेस्टहाउस सोपे: तिथे सोवळे नाही, वेळेचे बंधन नाही, आणि आजोबाही बरोबर नसतात. जानेवारी २०२३मध्ये पेडण्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला. तिथून बार्देसचा किनारा जवळ, फोंडा लांब.

त्याच वर्षी फेब्रुवारीत नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ सरकारने दुरुस्त करून पुन्हा उघडले. किनाऱ्यावरची गर्दी आत वळवायची म्हणून पर्यटन खाते आता देवळांच्या सहली पुढे करते आहे. देवळांचा कारभार पाहणाऱ्या अंत्रुजातल्या महाजनांना या बातमीत नवे काही वाटले नाही. त्यांची चिंता पार्किंगची आहे, आणि समुद्रावरून तसेच अर्ध्या चड्डीत दर्शनाला येणाऱ्यांची.