वन रँक वन पेन्शन: मागणी कुठून आली, हिशेब कुठे अडला

शिपाई म्हणून भरती झालेला जवान बहुधा पस्तिशी-चाळिशीतच पेन्शनवर घरी येतो. मुलांच्या शाळा चालू असतात, घर अर्धे बांधलेले असते आणि पुढची तीस-चाळीस वर्षे काढायची असतात. सैन्य तरुण राहावे म्हणून सरकारच त्याला लवकर मोकळे करते. त्यामुळे पेन्शन एकदा खालच्या पायरीवर ठरली की तिचा फटका इतर सरकारी नोकरांपेक्षा त्याला कितीतरी जास्त वर्षे बसतो. समान पदाला आणि समान सेवेला, निवृत्ती केव्हाही झाली तरी, समान पेन्शन या ‘वन रँक वन पेन्शन’च्या मागणीचे मूळ इथे आहे.

१९७३ च्या तिसऱ्या वेतन आयोगापासून सैन्यदलांचा पगार नागरी कर्मचाऱ्यांबरोबर एकाच आयोगाकडे गेला. माजी सैनिकांच्या संघटना आजही त्या वर्षाकडे बोट दाखवतात. नंतरच्या काळात पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्म्यावर बेतलेली आणि नव्या आयोगाबरोबर पगार वाढणार, असे गणित झाले. ३१ डिसेंबर २००५ ला बाहेर पडलेला हवालदार आणि त्यानंतर महिन्याभराने बाहेर पडलेला हवालदार यांची सेवा जवळपास तेवढीच. पण दुसऱ्याची पेन्शन नव्या वेतनश्रेणीवर निघाली, तर पहिल्याच्या जुन्या रकमेला गुणक लावून वाढ दिली गेली. दोन्ही आकडे जुळत नाहीत. असे दोन-तीन आयोग मागे पडले की वरच्या पदाचा जुना माणूस खालच्या पदाच्या नव्या माणसाच्याही मागे राहतो.

वर्दीत असताना यावर बोलायची सोय नाही. संविधानाचे कलम ३३ आणि आर्मी ॲक्ट १९५० चे कलम २१ जवानाच्या संघटना करण्याच्या आणि जाहीर बोलण्याच्या हक्कावर मर्यादा घालतात. त्यामुळे ही लढाई निवृत्तांनीच लढवली. ‘हुकूम म्हणजे हुकूम’ हे अंगात मुरलेली माणसे उपोषणाला बसली आणि २००९ मध्ये हजारो पदके राष्ट्रपतींकडे परत करायला निघाली. छातीवरचे पदक परत देणे फौजीसाठी किती जड असते, हे फौजीच्या घरात वाढलेल्याला सांगावे लागत नाही.

डिसेंबर २०११ मध्ये भगतसिंग कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने मागणी मान्य करण्याची शिफारस केली. व्याख्या सोपी होती: समान पद, समान सेवाकाल, निवृत्तीची तारीख कुठलीही असो, पेन्शन समान, आणि पुढची वाढ जुन्यांना आपोआप. या ‘आपोआप’ शब्दावरच पुढचा सगळा वाद उभा राहिला.

जून २०१५ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर धरणे सुरू झाले. १४ ऑगस्टला पोलिसांनी तिथल्या वृद्ध सैनिकांना हटवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा देशभर संताप झाला. ५ सप्टेंबरला तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी योजना जाहीर केली आणि ७ नोव्हेंबरला आदेश निघाला. लाभ १ जुलै २०१४ पासून, आधारवर्ष २०१३. त्या वर्षी त्याच पदावर, तेवढ्याच सेवेवर निवृत्त झालेल्यांच्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त पेन्शनची सरासरी सगळ्यांना लागू. सरासरीहून जास्त मिळत असेल तर ते कायम. फेरनिश्चिती मात्र दर पाच वर्षांनी. ‘आपोआप’ इथे गळले. दोन फेरनिश्चितींच्या मधल्या काळात तफावत पुन्हा वाढत जाते, आणि सरासरी धरल्याने सर्वाधिक पेन्शन घेणाऱ्याशी बरोबरी होत नाही, हे संघटनांचे दोन आक्षेप तिथूनच आले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ मार्च २०२२ ला न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सरकारची पद्धत वैध ठरवली, पण १ जुलै २०१९ पासून थकलेली फेरनिश्चिती करून फरक देण्याचा आदेश दिला. त्यातही मुदती उलटल्या. अखेर मार्च २०२३ मध्ये न्यायालयानेच वेळापत्रक बांधून दिले: कुटुंब निवृत्तिवेतनधारक आणि शौर्यपदक विजेत्यांना ३० एप्रिलपर्यंत एकरकमी, सत्तरीपुढच्यांना ३० जूनपर्यंत, बाकीच्यांना फेब्रुवारी २०२४ पर्यंत तीन हप्त्यांत. तिसरी निश्चिती १ जुलै २०२४ पासून लागू झाली.

या लढ्याने सैन्याच्या आतली एक जुनी घडीही उसवली. आज जवान संघटना अधिकाऱ्यांच्या मागे न चालता स्वतः बोलतात. त्यांचा रोख मुख्यतः मिलिटरी सर्व्हिस पेवर, म्हणजे सैनिकी सेवेच्या खडतरपणाबद्दल पगाराबरोबर मिळणाऱ्या रकमेवर असतो: सातव्या आयोगात अधिकाऱ्यांना १५,५०० रुपये, जवान आणि जेसीओंना (सुभेदार वगैरे कनिष्ठ अधिकाऱ्यांना) ५,२००. हा भत्ता पेन्शनच्या हिशेबात धरला जातो, त्यामुळे फरक आयुष्यभर राहतो. सियाचीनची थंडी दोघांना सारखीच, हा त्यांचा मुद्दा मला खोडता येत नाही.

गावपातळीवर अडचण वेगळीच असते. पेन्शनच्या सरकारी तक्त्यात रक्कम पद, ग्रुप (कामाच्या प्रकारानुसार जवानाचा गट) आणि सेवाकाल या तिन्हींवरून ठरते, आणि सेवाकाल अर्ध्या वर्षाच्या टप्प्याने मोजतात. पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) ग्रुप चुकला किंवा सहा महिने कमी लागले की ओळच बदलते. स्पर्श या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन प्रणालीत पेन्शन गेल्यावर पीपीओवरची प्रत्येक नोंद डिस्चार्ज बुकशी (निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवापुस्तिकेशी) ताडून पाहायला हवी. सर्वांत जास्त हाल होतात ते पत्नीचे. माहेरचे नाव रेकॉर्डमध्ये, सासरचे आधारवर. किंवा लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैन्याच्या रेकॉर्डमध्ये लग्नाची नोंद करणारा आदेश, निघालेलीच नसते. नवरा हयात असतानाच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज गेला, तर हे काम कागदपत्रांवर भागते. तो गेल्यावर त्याच कामासाठी बाईला नवरा-बायकोचे नातेच सिद्ध करत बसावे लागते.